काट्याला चिकटलेली गोगलगाय

माझी मुलगी समुद्रातल्या गोगलगाई ओळखायचं काम करते. बोदलकशाच्या तलावाकाठी आम्ही गोगलगाई शिजवून खातो. त्यामुळे पोरगी काय करते असं कुणी विचारलं, की मी "सरकारी काम" म्हणते आणि पदर सावरते.

दिवाळीला ती एक डबी घेऊन आली. कापसात बोटाच्या पेराएवढा शंख होता, आत जीव वाळलेला. असा एकच मिळालाय, म्हणाली. सुट्टीनंतर मशीनमध्ये ठेवून, न फोडता, त्याच्या आतल्या वेढ्यांचे फोटो काढायचे होते. मग मांसाचा कण तपासून त्याचं कूळ कळणार होतं.

"मागे गोंदियाला तुझ्या डोक्याचा फोटो काढला होता ना, तसाच."

माझ्या डोक्यात तेव्हा काही सापडलं नव्हतं. ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीकडे तिरोड्याला गेली. डबीला वास येत होता. मला वाटलं, एवढी मोलाची वस्तू अशी मळकी नेली तर तिचे साहेब म्हणतील, घरी हिला वळण लावलं नाही. मी शंख गरम पाण्यात टाकला. बाभळीच्या काट्याने आतलं ओढून काढलं, कोंबडीपुढे टाकलं. मग चिंच आणि राख लावून पितळेसारखा घासला. चिंच लागताच फेस आला. मळ निघतोय म्हणून मी आणखी जोर लावला. चकचकीत झाल्यावर कापसात ठेवून दिला आणि शाबासकीची वाट बघत बसले.

संध्याकाळी तिने डबी उघडली.

"हे काऊन घासलंस व माय? आतला जीव कुठं आहे?"

"कोंबडीनं खाल्ला."

दोन वर्षांचं काम होतं ते. मला रडू आलं.

"आता कायले रडून राहिली?" आमचे हे म्हणाले. "कोंबडीलेच बसवा त्या मशीनमधी."

मुलीने साहेबांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. परक्या माणसाशी मला बोलता येत नाही. मी डोक्यावर पदर घेतला, जसं काही त्यांना दिसणार होतं.

"मावशी, मांस कशानं काढलंत?"

"काट्यानं."

"काटा टाकला का?"

कसा टाकीन? काटा अंगणात टाकायचा नाही, कुणाच्या पायात जातो, ही सासूबाईंची शिकवण. काम झालं की चुलीमागच्या मातीच्या भिंतीत तो उलटा खोचायचा, जाड बाजू आत, टोक बाहेर. तसाच होता तो. टोकाशी केसाएवढा धागा वाळला होता. मुलीने श्वास धरून काटा चिमट्याने काढला आणि स्पिरिटच्या बाटलीत सोडला.

निकाल येईपर्यंत मी घरातली कुठलीच वस्तू जोराने घासली नाही. भांडीसुद्धा नाही. तव्याकडे बघवत नव्हतं.

शेवटी फोन आला. शंखावरची नक्षी मी कायमची घालवली होती, पण फोटोत आतले वेढे शाबूत निघाले. काट्यावरच्या धाग्यातून कूळही जुळलं. मात्र तपासणीत एक नाही, दोन जीव सापडले होते. साहेब दोन दिवस डोकं धरून बसले.

"माय, त्या काट्यानं आधी काय काढलं होतंस?"

पोळ्याच्या सणापासून तोच काटा वापरत होते मी. दुसरा जीव आमच्या तलावातला, भातासोबत खाल्लेला.