पेवातली गुहा

गुहा कशी असते हे दाखवायला मी एकदा माझ्या पुतणीला पेवात उतरवलं. पेव म्हणजे ज्वारी साठवायचं जमिनीतलं कोठार. तोंड मडक्यासारखं अरुंद, पोट मोठं, खोली दीड पुरुष. चूक एका वाक्यात सांगून झाली, पण ती करायला मला जवळजवळ वर्ष लागलं, आणि त्या वर्षभर मी स्वतःवर फार खूश होते.

मी कारंज्याची, मास्तरांची मुलगी, मराठी सातवी पास. शेलूबाजारच्या अलीकडच्या, माझ्या सासरच्या लहानशा गावात माझ्याएवढी शिकलेली दुसरी बाई नव्हती, आणि ही गोष्ट कोणी विसरू नये याची मी चांगली काळजी घेत असे. भाकरी थापतानाही फळ्यापुढं उभी असल्यासारखी बोलायची. जाऊबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. मला वाटायचं, बिचाऱ्या माझ्या विद्वत्तेला दबकतात.

गावात शाळा होती ती मुलग्यांची. आमच्या घरात मुली दोन. माझी आठ वर्षांची आणि जाऊबाईंची नऊची. त्यांना मी घरी शिकवते म्हटल्यावर मामंजी आधी कुरकुरले. मग म्हणाले की पुढच्या दिवाळीपर्यंत बघतो. पोरींना येतंय असं दिसलं तर स्वतः बैलांची दमणी जुंपून तालुक्याच्या शाळेत चौथीच्या परीक्षेला नेतो, नाही तर चूल कुठं पळून जात नाही. माझ्या मुलीला परीक्षेचं काही पडलेलं नव्हतं. ती पाटी पुसण्यात खरी पटाईत. पण पुतणी वेगळी होती. तीन महिन्यांत तिनं जोडाक्षरं उरकली. एकदा जाऊबाईंच्या माहेरचं कार्ड आलं ते तिनं उंबऱ्यात बसून घडाघडा वाचलं. जाऊबाईंनी ते तीनदा वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून पोरीच्या वाटचं शेणपाणी स्वतः करू लागल्या. त्या दिवाळीची वाट सगळ्यांत जास्त कोणी पाहिली असेल तर त्यांनी.

त्याच सुमारास आमच्या मळ्यात नवी विहीर खणायला घेतली होती. काळ्या खडकातून गोल गोल गोटे निघत. खणणारे ते वैतागून बाजूला फेकत, कारण फुटले की पायात घुसत. मी पोरींना घेऊन तिथं गेले आणि एक गोटा घणानं फोडून मागितला. आत पोकळी, आणि पोकळीभर पांढरे चकाकते टोकदार खडे, किंचित जांभळी झाक असलेले. मी लगेच व्याख्यान सुरू केलं. याला स्फटिक म्हणतात, याला पाच बाजू असतात, असं मी ठोकून दिलं. पुतणीनं खडा बोटात फिरवला.

"काकू, पाच नाई, सहा हायेत."

मी मोजले. सहाच होते. मी म्हटलं, शाब्बास, तुझी परीक्षा घेत होते.

पुढं तिला नादच लागला. गोटा न फोडता नुसता तळहातावर तोलून ती सांगायची, हा पोकळ, हा भरीव. दिसतो त्यापेक्षा हलका लागला की पोकळ. हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. मला ठाऊकच नव्हतं.

मग मी घरात स्फटिक वाढवायला घेतले. बाजारातून तुरटी आणली, उकळत्या पाण्यात विरघळवली, भांड्यावर आडवी काडी ठेवून तिला दोरे टांगले. आठवडाभरात दोऱ्यांना खडे धरले. पुतणी रोज सकाळी ते मोठे झाले का बघायची आणि पाटीवर त्यांचं चित्र काढायची. एक दोरा मी देवळीत ठेवला होता. मामंजींनी खडीसाखर समजून त्यातला मोठा खडा तोंडात टाकला. त्या दिवशी ते घरात कोणाशी बोलले नाहीत. बोलता येत नव्हतं म्हणून की बोलायचं नव्हतं म्हणून, ते मी विचारलं नाही.

पुतणीनं मात्र विचारलं की असे खडे आपोआप कुठं टांगलेले असतात. मी म्हटलं, गुहेत. गुहा मी जन्मात पाहिली नव्हती. वडिलांच्या एका पुस्तकात चित्र होतं, छतातून दगडी झुंबरं लोंबतायत असं. आमच्याकडं डोंगर म्हणजे बोडक्या टेकड्या. गुहा आणायची कुठून? तेव्हा मला अंगणातलं पेव आठवलं.

पेव वैशाखात रिकामं झालं होतं, तळाशी थोडी ज्वारी राहिली होती. मग वळवाची सर आली, पाणी आत गेलं आणि तोंडावर पुन्हा दगड पडला तो तसाच होता. पेव उघडायची आमच्या घरची रीत मी लग्नानंतर पाहिली होती. दगड आदल्या दिवशी काढून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी जाऊबाई दगडाला हळदकुंकू लावायच्या आणि सालदार गडी दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडायचा. तो वर आला की मगच माणूस उतरायचा. मला वाटायचं, भुईतल्या देवीला दिवा दाखवतात. माझ्या माहेरी पेव नव्हतं, ज्वारी कणगीत असायची. मी मनात म्हणायची, अडाणी माणसं, ज्वारी काढायची तर त्यालाही पूजा. पोरींना मी तेच शिकवलं होतं, की असल्या गोष्टींना अर्थ नसतो.

दुपारी पुरुष शेतात होते, जाऊबाई गोठ्यात. मी आणि पोरींनी दगड सरकवला, बांबूची शिडी सोडली. पुतणीच्या कमरेला दोर बांधला, कारण मी फार सावध बाई होते, पोर पडू नये एवढं मला कळत होतं. तिच्या गळ्यात तुरटीचे दोरे घातले. आत लाकडी खुंट्या होत्या, त्यांना ते टांगायचे आणि मग मी माझ्या मुलीला घेऊन उतरणार, असा बेत.

ती भरभर उतरली. तळाशी गेल्यावर तिनं सांगितलं की आंबलेला वास येऊन राह्यला, डोकं जड होऊन राह्यलं. मी वरून म्हटलं, गुहेत असाच वास असतो. नीट बघून घे, वर आल्यावर पाटीवर लिहायचंय.

नंतर तिनं काही सांगितलं नाही. मी दोनदा हाक मारली. मला वाटलं, बघण्यात गुंग झाली. तिसऱ्या हाकेला माझी मुलगी रडायला लागली, तेव्हा मी दोर ओढला. तो जड लागला. आमच्यानं ओढवेना. आरडाओरडा ऐकून जाऊबाई शेणाच्या हातांनी धावत आल्या आणि आम्ही तिघींनी तिला वर काढलं. ओठ निळे, मान लुळी. जाऊबाई तिला पालथी धरून पाठ चोळत होत्या, वारा घालत होत्या, आणि माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं,

"कंदील सोडला व्हता का?"

कंदील कशासाठी असतो, ते मला तेव्हा कळलं. भिजून आंबलेल्या ज्वारीनं बंद पेवातली हवा विषारी झाली होती. जिथं ज्योत जगत नाही तिथं माणूस जगत नाही, एवढंच ते शास्त्र होतं. त्या घरातल्या शेण काढणाऱ्या बाईला ते येत होतं, सातवी पास बाईला नव्हतं.

पोर वाचली. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडून आईला ओळखलं, खायला मागितलं. मी गूळ वाटला. आठव्या दिवशी मी तिच्यापुढं पाटी ठेवली आणि अ काढला. तिनं त्याच्याकडं मुंगीकडं बघावं तसं बघितलं आणि माझ्याकडं बघून हसली. मी म्हटलं, काही बिघडत नाही, पुन्हा शिकवू. पुन्हा शिकवायचा मला काय उत्साह! सकाळी शिकवलेलं अक्षर दुपारी तिच्याकडं नसायचं. तिच्या हातात गोटा दिला तर ती तो धरून बसायची, ठेव म्हणेपर्यंत. मी दोन वर्षं हे चालवलं. ती कधी कंटाळली नाही, रागावली नाही, आणि मला तेच सोसवेना. दिवाळी आली आणि गेली. दमणी जुंपली गेली नाही. माझ्या मुलीचं शिक्षणही तिथंच थांबलं. तिच्यासाठी भांडायला मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. कोणत्या तोंडानं उघडणार?

जाऊबाई माझ्याशी मिठाचं बोलायच्या, सरपणाचं बोलायच्या. त्या दुपारचं कधीच नाही. त्यांनी शिव्या द्याव्यात म्हणून मी मुद्दाम दूध उतू घालवलं, भाजी करपवली. त्यांनी मुकाट्यानं भांडं घासलं. शेवटी एकदा आम्ही दोघी तूर पाखडत होतो, पोर पलीकडं भिंतीला टेकून बसलेली होती, तेव्हा मी सूप खाली ठेवलं आणि त्यांचे पाय धरले. मला काय बोलायचं ते बोला, म्हटलं. त्यांचं सूप थांबलं नाही. मग त्या म्हणाल्या,

"तू तिले शिकोलं नसतं, तं तिचं काय गेलं ते मले समजलंच नसतं."