चित्र आलं, पण आवाज नव्हता

मंडळी, आत्ताच आर्णीहून आले. मन भरून आलंय म्हणून लगेच लिहितेय.

माझ्या आत्याच्या मुलीचं लग्न तेव्हाच्या नव्या एचडी कॅमेऱ्यावर, छोट्या कॅसेटमध्ये शूट झालं होतं. ती कॅसेट साध्या व्हीसीआरमध्ये चालत नाही. माझ्या भावाने खूप शोधून पुसदच्या एका फोटो स्टुडिओतून जुना एचडी टेप डेक मिळवला, आणि आज आम्ही तो आत्याच्या टीव्हीला जोडला.

लाल, हिरवी, निळी वायर लावली आणि काय चित्र आलं! नवरीच्या शालूवरचा एकेक मोर दिसत होता. आम्ही टाळ्याच वाजवल्या.

आत्या हळूच म्हणाली, "मले त काहीच आयकू येऊन नाही राह्यलं रे."

काचबिंदूने आत्याची नजर पूर्ण गेली आहे. आणि आम्ही चित्राच्या नादात आवाजाच्या वायरी लावायलाच विसरलो होतो.

भावाने घाईघाईने त्या जोडल्या. सनई वाजली, पंगतीचा गलका आला, आणि त्यातून काकांचा, म्हणजे आत्याच्या मिस्टरांचा, आत्याला हाक मारणारा आवाज आला. काका आता या जगात नाहीत.

"सुमन, तू जेवली का वं?"

आत्याने पदर तोंडाशी धरला. "मांग घे, पुन्हा लाव," म्हणाली. भावाने पुन्हा लावलं.

या वेळी तिने टीव्हीकडे तोंड करून उत्तर दिलं, "जेवली जी. तुम्ही बसा आता."

तुमच्याही कपाटात एखादी कॅसेट पडून असेल. त्यात कोण कोणाला हाक मारतंय?