बिनटीव्हीचा कंप्युटर

उकंडाभाऊंच्या घरी कंप्युटर येणार, ही बातमी ढाणकीत कोणाला भोंग्यावरून सांगावी लागली नाही. ती आपोआप गावभर झाली आणि होता होता तिला सल्ले चिकटत गेले.

भोंग्याचं नाव काढलं, कारण भोंगा हाच उकंडाभाऊंचा धंदा. लग्न असो, जयंतीची मिरवणूक असो, मांडव माझा आणि माईक त्यांचा, असं आमचं कित्येक वर्षांचं चालत आलेलं. भाऊ बोलायचेही माईकवर बोलल्यासारखेच. कानात काही गुपित सांगितलं तरी चौकातल्या पानटपरीवर ऐकू जायचं.

एक गोष्ट मात्र हा माणूस कधीच मोठ्याने बोलला नाही. त्यांची थोरली पोरगी प्रियंका जन्मापासून आंधळी. आम्हां सगळ्यांना ते माहीत होतं. पण कोणी विषय काढला की भाऊ आवाज खाली आणून म्हणायचे, "नजर जराशी कमी हाय पोरीची." जराशी! तिला दिवस आणि रात्र सारखीच होती. मोठमोठे दवाखाने झाले होते, डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं होतं, तरी भाऊंचं 'जराशी' काही सुटलं नव्हतं. मला याचा कधी कधी रागही यायचा. माणसाने स्वतःला किती फसवावं?

ती वर्षं कापसाच्या पडत्या भावाची. लग्नं अंगणातल्या अंगणात उरकू लागली, तिथे माझा मांडव कोण घेणार आणि भाऊंचा भोंगा कोण लावणार? सभा तेवढ्या वाढल्या. पुढारी यायचे, शेतकऱ्यांच्या नावाने गळा काढायचे आणि भोंग्याचं भाडं मागायला गेलं की कार्यकर्ते एकमेकांकडे बोट दाखवायचे.

पुढाऱ्यांच्या मागोमाग टेपरेकॉर्डरवाली शहरी माणसं आली. घराघरात बसून शेतकऱ्यांचं, त्यांच्या बायकांचं बोलणं कॅसेटवर भरून न्यायची. नागपूरच्या एका संस्थेकडे अशा कॅसेटींचा ढीग लागला आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्या टायपिंगवाल्या मुलींना वऱ्हाडी अर्धीमुर्धीच कळते. प्रियंका नागपूरला आंधळ्या मुलांच्या शाळेत शिकलेली. टायपिंग आणि टाइप केलेलं वाचून दाखवणारा बोलणारा कंप्युटर, दोन्ही तिला यायचं. तिच्या बाईंनी संस्थेत तिचं नाव सुचवलं. कॅसेट ऐकायची आणि इंग्रजी अक्षरांत वऱ्हाडी टाइप करायची. काम घरबसल्या होतं. अट एकच: दिवाळीपर्यंत घरी स्वतःचा कंप्युटर पाहिजे, नाही तर काम दुसऱ्या कोणाला जाईल.

शिकून आल्यापासून पोरगी घरात बसून होती. आल्यागेल्याने "बिच्चारी" म्हणायचं आणि तिने ते ऐकून घ्यायचं, एवढाच तिचा दिनक्रम. हे काम हातचं गेलं असतं तर तिने पुन्हा कशाची आशा धरली असती असं मला वाटत नाही.

भाऊंनी जुना मोठा ॲम्प्लिफायर विकला आणि सल्लागारांनी घर भरलं. शाळेतले सर म्हणाले, कंपनीचाच घ्या. प्रियंकाची आई तुळसाबाई, त्यांचा भाऊ म्हणाला, उमरखेडला सायबर कॅफे बंद पडलाय, तिथला जुना उचला. मीही मागे राहिलो नाही. कंप्युटरला या हातांनी कधी शिवलो नव्हतो, तरी ठासून सांगितलं, "टीव्ही मोठा पाह्यजे, भाऊ. टीव्हीवरच सारं असते." आम्ही सगळे स्क्रीनला टीव्हीच म्हणायचो.

पुसदला भाऊ, प्रियंका आणि मी असे तिघे गेलो. दुकानदार नेमसिंग राठोड, तिशीतला मोकळाढाकळा गडी. त्याने दोन कंप्युटर दाखवले. एक खोक्यातला, कंपनीचा. दुसरा त्याने स्वतः सुटे भाग आणून जोडलेला, बराच स्वस्त.

"कंपनीवाला बिघडला तं?" भाऊंनी विचारलं.

"फोन करायचा. नागपूरवरून माणूस येते."

"कवा येते?"

"येते," नेमसिंग हसत म्हणाला. "आता कवा, ते मी कसं सांगू?"

"अन् हा जोडलेला?"

"हा बिघडला तं मी येतो. ढाणकीच्या तांड्यात माही बहीण दिली हाय. तसंही महिन्यातून एक चक्कर राह्यतेच."

भाऊंना ते पटलं. गॅरंटीचा छापील कागद बियाण्याच्या पिशवीतही असतो आणि तो काय कामाचा हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नव्हतं. जोडलेला घ्यायचा ठरलं. मी टीव्हीकडे वळलो आणि सतरा इंची दाखवायला सांगितलं.

तेवढ्यात प्रियंकाने विचारलं, "दादा, लाइट गेल्यावर हा किती वेळ चालन?"

आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंग असं, की लाइट आली म्हणजे पाहुणा आल्यासारखं वाटायचं. नेमसिंग म्हणाला, सोबतची छोटी बॅटरी दहा मिनिटं काढेल, सगळा करंट मॉनिटरच खाऊन टाकतो. तासन् तास चालवायचा तर इन्व्हर्टर घ्यावा लागेल. इन्व्हर्टरचा भाव ऐकून भाऊंनी खिशावर हात ठेवला. तेवढं काही बसत नव्हतं.

"मंग टीव्ही काढून टाका," प्रियंका म्हणाली. "त्याच्या पैशात इन्व्हर्टर बसते का पाहा."

दुकानातले दोघेतिघे वळून पाहू लागले. नेमसिंगला आधी ती थट्टा वाटली. मग त्याने तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि तो कॅल्क्युलेटरवर बोटं चालवू लागला. "बसते," तो म्हणाला. "भाऊपाशी भोंग्याची बॅटरी असन तं बरोब्बर बसते."

"काही बोलतं का तू!" भाऊ कडाडले. "टीव्हीबिगर कंप्युटर राह्यते का कुठं? लोकं काय म्हणतीन? घ्यायचा तं पुरा घेऊ, नाई तं कायले घ्यायचा?"

"बाबा, मले आवाज लागते. टीव्हीचं मी काय करू?"

"आज नाई लागत. उद्या एखादा नवा डाक्टर भेटला अन् तुह्यी नजर..."

वाक्य तिथेच तुटलं. भाऊ चप्पल न घालता दुकानाबाहेर पडले.

मी त्यांच्या चपला घेऊन मागे गेलो. ते चहाच्या ठेल्याशी उभे होते, चहा मागितला नव्हता. माझ्याकडे न बघता म्हणाले, "रामरावभाऊ, तिच्या लहानपणापासून मी कोणाजवळ म्हणलं नाई, का हिले कधीच दिसणार नाई. आज टीव्ही नाई घेतला, तं ते मीच म्हणल्यासारखं होते. बापानंच म्हणावं काय?"

त्यांच्या 'जराशी'वर मी मनातल्या मनात इतकी वर्षं चिडत आलो होतो. पण हा माणूस स्वतःला फसवत नव्हता. पोरीच्या वाटची आशा एकटाच धरून बसला होता, कारण दुसरं कोणीच धरत नव्हतं.

शेवटी सुचलं ते बोललो. "भाऊ, तिनं तं ते कवाच म्हणून टाकलं. आता आपल्या भरोशावर तिथं एकटी बसून हाय."

भाऊंनी चपला पायात सरकवल्या आणि दुकानात गेले. आवाज नेहमीचाच, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा. "टीव्ही नको, नेमसिंग. पोरगी आंधळी हाय माही. तिले इन्व्हर्टर दे."

चाचपडत प्रियंकाने बापाच्या बाहीला हात घातला आणि बिल होईपर्यंत सोडला नाही. नेमसिंगने दुकानातला मॉनिटर लावून सगळं आत भरलं, तिच्या बाईंनी दिलेली बोलण्याची सीडी चढवली आणि मॉनिटर काढून घेतला. वर म्हणाला, "बिघडला तं माहा टीव्ही घेऊन येतो."

संध्याकाळी गाव लोटलं आणि निराश झालं. बघायला होतं काय? एक पांढरा डबा, कळांची पाटी आणि दोन छोटे स्पीकर. डबा मात्र बोलत होता. प्रियंकाने 'कापूस' टाइप केलं तर गोऱ्या साहेबासारखा 'केपस, केपस' करू लागला आणि पोरं हसून लोळली. तुळसाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, कळलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मग संस्थेची नमुन्याची कॅसेट लागली. कोण्या गावची बाई सरकीबद्दल, गुरांच्या ढेपेबद्दल बोलत होती. प्रियंका दोन वाक्यं ऐकायची, टेप थांबवायची, कळा वाजवायची, डब्याचं ऐकायची आणि पुढे जायची. बघणारे कंटाळून हळूहळू पांगले. तुळसाबाई चुलीकडे गेल्या. तिच्यापाशी भाऊ आणि मी, दोघेच उरलो.

तेवढ्यात लाइट गेली.

अंधार मिट्ट. मी सवयीने "अरे!" म्हणालो आणि लगेच कान देऊन ऐकलं. कळा वाजतच होत्या; इन्व्हर्टरला कंप्युटर आणि टेप एवढंच जोडलेलं होतं. मध्येच एकदा त्या थांबल्या.

"पंखा काहून बंद झाला, बाबा?"

"लाइट गेली, माय."

"अस्सं," ती म्हणाली आणि कळा पुन्हा सुरू झाल्या.

भाऊ कंदील शोधायला उठले. स्टुलाला धडकले, काहीतरी पडलं, आणि ते अंधारात जागच्या जागी उभे राहिले.

टाइप करता करता, मान न वळवता, प्रियंका म्हणाली, "बाबा, पायापाशी वायर हाय. एक पाऊल मांगं या. आता डाव्या हातानं भिंत धरा अन् सरळ चाला, कोनाड्यात कंदील हाय."

"हो, माय," भाऊ म्हणाले. 'जराशी' म्हणतानाही इतक्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी ऐकलं नव्हतं. भिंत धरून, तिच्या सांगण्यावर, ते एकेक पाऊल टाकत निघाले.