भूगोलाचे पेपर अडकले तेव्हा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली आणि पहिल्या सत्राचे पेपर एकेक करून मुलांच्या हातात यायला लागले. माझी मुलगी तेव्हा सातवीत, मरोळच्या एका मराठी शाळेत. मराठी आलं, गणित आलं, विज्ञान आलं. भूगोल काही येईना. त्या एका विषयापायी कुणाचंच प्रगतिपुस्तक तयार होत नव्हतं.

पालकांच्या ग्रुपवर आधी साधी विचारणा होती, मग टोमणे, मग उघड संताप. कुणी म्हणे पेपर हरवलेत आणि शाळा लपवतेय. कुणी म्हणे भूगोलाच्या बाई लग्नाला गावी गेल्यात. सगळ्यांत जास्त चिडली होती आमच्याच गल्लीतली माझी मैत्रीण. तिची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात. तिला स्कॉलरशिपच्या क्लासला घालायचं होतं आणि क्लासवाले सत्राचे मार्क बघितल्याशिवाय घेत नव्हते. बॅच सुरू व्हायला आली होती. पोरींनी रात्रंदिवस अभ्यास करायचा आणि ह्यांना एक गठ्ठा तपासायला जमत नाही, असं ती मला रोज ऐकवायची. तिचं चूक नव्हतं.

मी मात्र चिडण्यापेक्षा कोड्यात पडले होते. ह्या बाई कामचुकार नव्हत्या. घटक चाचणीचे पेपर त्यांनीच सगळ्यांच्या आधी दिले होते. मग आत्ताच काय झालं? मुलीला विचारलं तर ती जेवता जेवता म्हणाली, "बाई शनिवारी आपल्या गल्लीत आलेल्या."

"कुणाकडे?"

"कुणाकडे नाही. गटाराजवळ उभ्या होत्या नुसत्या."

हे ऐकल्यावर मला राहवेना. काहीजणींनी शाळेत जाऊन जाब विचारायचा, असं ग्रुपवर ठरलं होतं. मी टाळत होते, पण आता हाफ डे टाकून गेले.

मुख्याध्यापिकांनी बाईंनाच बोलावून घेतलं. बाई पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. माझी मैत्रीण फटकळ, तिने बसायच्या आधीच सुनवायला सुरुवात केली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, उशिराबद्दल माफी मागितली. मग म्हणाल्या की बाकी पेपर कधीच तपासून झालाय, एकच प्रश्न राहिलाय. तुमच्या घरासमोर पडलेलं पावसाचं पाणी समुद्रापर्यंत कसं जातं ते लिहा, असा तो प्रश्न होता, पाच मार्कांचा.

त्यांना वाटलं होतं, सगळे वर्गात शिकवलेलं लिहितील. गटार, नाला, मिठी नदी, माहीमची खाडी. पण बऱ्याच मुलांनी आपापल्या दारात काय दिसतं ते लिहिलं. अंधेरी स्टेशनच्या बाजूला राहणाऱ्या मुलांनी लिहिलं की आमचं पाणी उलट्या दिशेला, पश्चिमेकडे जातं. बाईंनी चूक म्हणून लाल रेघ मारली. मग शंका आली म्हणून एका संध्याकाळी स्वतः जाऊन पाहिलं, तर मुलांचं बरोबर निघालं. तेव्हापासून शाळा सुटली की त्या एकेक गल्ली बघत फिरत होत्या.

"बाई, पाच मार्कांसाठी?" माझ्या मैत्रिणीने विचारलं.

"चूक म्हणायचं तर बरोबर काय ते मला माहीत पाहिजे ना," बाई म्हणाल्या.

हे कुणाला फारसं पटलं नाही. सगळ्यांना सरसकट मार्क देऊन टाका, असं एकीने सुचवलं. तेव्हा बाईंनी गठ्ठ्यातून एक पेपर काढला आणि नाव न घेता वाचला. 'आमच्या घरासमोरचं पाणी समुद्रात जात नाही. ते आमच्या घरात येतं. मग आई ते टोपाने बाहेर टाकते.' ह्याला किती देऊ ते तुम्हीच सांगा, म्हणाल्या.

माझ्या मैत्रिणीचं घर तळमजल्यावर, आमच्या गल्लीच्या सखल टोकाला. ती म्हणाली, "माझीच आहे ती. आणि खरं लिहिलंय तिने."

मुख्याध्यापिकांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. आता आमचीच गल्ली राहिली होती. माझ्या मुलीने लिहिलं होतं की रस्ता एकीकडे उतरतो आणि गटार दुसरीकडे वाहतं. गटारावर फरश्या असल्याने बाईंना शनिवारी ते कळेना. मी त्यांना रविवारी सकाळी बोलावलं.

मैत्रीणही आली. बाई खरंच काम करतात का ते बघायला आली असावी, असं मला वाटलं. माझ्या दारावर दिवाळीचं तोरण अजून लटकत होतं. त्यातले सुकलेले झेंडू मी एका फुटक्या फरशीतून आत सोडले. बाई सखल टोकाला थांबल्या, मैत्रीण मोठ्या रस्त्याकडच्या जाळीपाशी. येणारे-जाणारे विचारत होते, अंगठी पडली का. बराच वेळ काहीच झालं नाही. मग मैत्रिणीचा आवाज आला, "आलं गं, इकडे आलं!" ती रस्त्यावरच गुडघे टेकून जाळीतून खाली बघत होती.

म्हणजे गटार तिच्या घरापासून दूर वाहत होतं. मग पाणी घरात का येतं? तिने हे बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, मला नाही माहीत. आम्ही तिघी मोठा रस्ता ओलांडून पलीकडे शोधत राहिलो. तिकडे एकही फूल दिसलं नाही. शेवटी मैत्रीण आम्हा दोघींना घरी चहाला घेऊन गेली.

सोमवारी पेपर मिळाले. माझ्या मुलीला पाचापैकी तीन. खाली लिहिलं होतं, 'मोठ्या रस्त्यापर्यंत बरोबर. पुढचं मलाही सापडलं नाही.' मैत्रिणीच्या मुलीला चार, आणि तो कापलेला एक मार्क कशाचा यावरून मैत्रीण बाईंशी भांडून आली. पुस्तकातलं उत्तर लिहूनही मार्क गेले म्हणून काही पालक आणखीच चिडले. क्लासची बॅच सुरू झाली होती, पण हुज्जत घालून मैत्रिणीने मुलीला आत घुसवलंच.

त्यानंतर ती महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात खेटे घालायला लागली. उन्हाळ्यात एकदाची माणसं आली आणि त्यांनी मोठ्या रस्त्यालगतच्या फरश्या उचकटल्या. खाली केबलींचा जुडगा आडवा पडला होता आणि त्याला अडकून गाळाचा बांध तयार झाला होता. पाणी तिथवर जाऊन उलटं फिरत होतं. मैत्रिणीने मुलीला हाक मारून बोलावलं आणि दोघी वाकून आत बघत बसल्या. वर बसलेला मुकादम त्यांना बाजूला व्हा म्हणत होता, त्या काही हलत नव्हत्या.