वनमालाबाईंच्या काउंटरवरची साडी

३१ मार्च २०२४. एक हजार चारशे ऐंशी रुपये. गेवराईच्या आमच्या कापड दुकानात त्या दिवशी वर्षअखेरची मालमोजणी झाली आणि एवढ्या किमतीची एक साडी कमी भरली. काउंटर वनमालाबाईंचं. ज्याचं काउंटर त्याची तूट, हा नियम दुकानाचा मुनीम म्हणून मीच लिहून भिंतीला लावलेला. मी त्यांच्या पगारातून रक्कम कापली.

वनमालाबाई अकरा वर्षं साड्या दाखवतात. गिऱ्हाईक पायऱ्या चढतं तेवढ्यात त्यांना कळतं, हे घेणारं की बघणारं. पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून म्हणतात, "माझ्यासारख्या काळीवर खुलतीय, मग तुमच्यावर कशी दिसंल!" दिवसाला शंभर घड्या मोडायच्या आणि शंभर घालायच्या, सगळं उभ्यानं.

तूट सांगितली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "अण्णा, मी साडी नेली न्हाई. नेऊन नेसू कुठं?" पण दुकानाचे मालक रामप्रसाद शेठनी सांगितलं, संध्याकाळी बाई घरी निघाल्या की त्यांची पिशवी बघत जा. बघायचं काम माझ्याकडे आलं. मी मागायच्या आधीच त्या पिशवी उघडत. डबा, पाण्याची बाटली, गुडघ्याचं मलम.

एप्रिलात उमापूरच्या वत्सलाबाई दुकानात आल्या. फेब्रुवारीत त्यांच्या लेकीच्या लग्नाचा बस्ता आमच्याकडेच झाला होता. अंगावर राणी रंगाची नवी साडी.

"वळखली का? तुमीच दिलती की!"

मोठा बस्ता झाला की दुकानातर्फे वधूमायला हळदीकुंकू लावून साडी द्यायची आमची रीत आहे. ती साडी मी स्वतः वनमालाबाईंच्या कपाटातून काढली आणि नोंद करायला विसरलो. त्या तिथे असत्या तर त्यांनी मला लगेच आठवण करून दिली असती. पण त्या विधवा. कुंकवाची वेळ आली की मी नेहमी म्हणायचो, "बाई, जरा वरून पिशव्या आणा." कुंकू बिलं करणारी सायली लावायची. बाईंना वाईट वाटू नये म्हणून मी हे करतो, असं मला वाटायचं.

दोन दिवस मी गप्प बसलो. निवृत्तीला सहा महिने उरले होते आणि चौतीस वर्षांत माझ्या नावावर एक चूक नव्हती. त्या दोन्ही संध्याकाळी बाईंनी पिशवी उघडून दाखवली, मी बघितली.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं. शेठ हसले. "अण्णा, तुमी बी चुकता व्हय? राहू द्या, दुकानाच्या खर्चात टाका." मी म्हणालो, माझ्या खिशातून देतो.

वनमालाबाईंनी विचारलं, "तवा मी कुठं होते?"

"पिशव्या आणायला गेला होता."

"पिशव्या तर काउंटरखालीच असत्यात, अण्णा."

त्याच पुढे म्हणाल्या, "मला काय ठावं न्हाई व्हय? वर जाते, जिन्यात उभी राहते. खाली फोटो काढून झाले की येते."

सायली बिलबुकाची पानं उलटत राहिली.

त्या संध्याकाळपासून पिशवी बघणं बंद झालं. मी बाईंच्या हातात चौदाशे ठेवले, सुट्टे नव्हते. नंतर दोनदा द्यायला गेलो, दोन्ही वेळा समोर गिऱ्हाईक होतं. ऐंशी रुपये अजून देणे आहे.