वेर्बोयारच्या नकाशावरचे ठिपके

कल्पना करा, समोर तुमच्याच गावाचा नकाशा आहे. उपग्रहाने टिपलेल्या आगी त्यावर लाल ठिपक्यांसारख्या दिसताहेत. तोफांचे गोळे पडतात तिथलं गवत पेटतं. तेवढ्यावरून सांगायचं: बर्फ पडायच्या आत रशियन सैन्य गावात पोचेल का?

युक्रेनमधल्या आमच्या वेर्बोयार गावात हे काम दमियान करायचा. तो शाळेत भूगोल शिकवायचा. शाळा बंद पडली, तेव्हा लोकांना बाहेर काढणाऱ्या बसवाल्यांना तो अंदाज देऊ लागला.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी गावाच्या पूर्वेला ठिपक्यांची रांगच उमटली. दमियान धावत शेजारी, माझ्या मावशीकडे गेला. परास्का मावशी एकटी राहायची आणि बसचं नाव काढलं की भडकायची.

"परास्का इवानिव्ना, सामान बांधा! ते कुंपणापर्यंत आलेत!"

मावशी परसात बटाट्याचा वाळलेला पाला जाळत होती. गल्लीत घरोघरी तेच चाललं होतं. डोळे चोळत ती म्हणाली, "बरं झालं आले, मास्तर. हे फावडं द्या त्यांना, बीट उपटायचंय अजून."

दमियानने तिच्या जाळाकडे पाहिलं, मग फोनवरच्या नकाशाकडे, आणि मटकन खाली बसून हसत सुटला. कालच त्याने स्वतःच्या परसातला पाला जाळला होता!

तिथेच बसून तो परसांवरचे ठिपके पुसू लागला. मावशी मागून सांगत होती, "हा ओनिस्कोचा. हा त्या आळशी फेद्कोचा." शेवटी रेल्वेच्या भरावावरचे तेवढे उरले.

"इथे कुणाचे बटाटे?"

मावशीचं हसू थांबलं. "तिथे कुणी काही लावत नाही."

"मग बर्फाआधी येण्याची शक्यता शंभरात साठ."

"मघाशी तर कुंपणापर्यंत आले होते!"

"आता साठ."

"स्वतःची चूक पुसून सांगताय, मग हे साठ खरे असतील," मावशी म्हणाली आणि बससाठी कोट आणायला आत गेली.

पुढच्याच आठवड्यात भरावाकडून आलेल्या गोळ्याने तिचं घर पाडलं. आज ती द्निप्रो शहरात माझ्या स्वयंपाकघरात बिटाचं बोर्श्ट सूप ढवळत माझ्यावर खेकसते, आणि ते ऐकताना दमियानचे किती आभार मानू असं मला होतं.

त्याला मात्र आभार नको असतात. सैन्य भरावावरच अडलं. बर्फ पडला, वितळलाही. दर फोनला तो मला तेच विचारतो, "साठ म्हणालो आणि ते आले नाहीत. मग मी चुकलो, की उरलेले चाळीस खरे झाले? हे कळायचं कसं?"