कीटोच्या सपाता

जानेवारीत नाशिकची फरशी बर्फासारखी होते आणि आई नुकतीच तापातून उठलेली असूनही तिच्यावरून अनवाणी फिरते. आज चौथ्यांदा सपाता तिच्यापुढे ठेवल्या.

"घरात पायताण? देव आहेत इथे," म्हणाली.

माझं डोकं फिरलं, आणि एकदम कीटो आठवलं. तिथे स्पॅनिश शिकत होते. एका संध्याकाळी त्या शहराच्या चढणीच्या गल्ल्या पालथ्या घालून भिजून परतले आणि सवयीने बूट दाराबाहेर काढले. घरमालकीण सिन्योरा रोसा लोकरीच्या सपाता घेऊन उभ्याच. रोजचंच होतं ते.

"घाल. थंडी पायांतून चढते."

"आमच्यात घरात नाही घालत," मी वैतागले. "तुम्ही माझी आई आहात का?"

त्यांनी खाली बसून माझे ओले मोजे काढले, पाय पुसून सपाता चढवल्या. "तुझी आई इथे असती, तर मी गप्प बसले असते."

तेव्हा त्यांचा रागच आला होता.

आज मी फरशीवर बसले आणि आईचा गार पाय हातात घेतला.

"अगं, काय करतेस?"

"थंडी पायांतून चढते," मी खेकसले.

आईने पाय मागे घेतला नाही.